लालबागच्या ‘व्हीआयपी पास’मध्ये गेलेले ₹१७,८४९

लालबागच्या राजाच्या दर्शनाचे ‘व्हीआयपी पास’ विकतो म्हणून एकाने आम्हाला फसवलं. आकडा आधीच लिहिते. लाजेपोटी तो लपवला की पुढचा माणूस सावध होत नाही. ११ पास, प्रत्येकी ₹८५०, म्हणजे ₹९,३५०. टेम्पो ट्रॅव्हलरचा अ‍ॅडव्हान्स ₹३,५००. शिवाय ‘पास स्कॅन झाला की परत’ असं सांगून घेतलेलं डिपॉझिट ₹४,९९९. एकूण ₹१७,८४९. तिन्ही वेळा यूपीआयने, आणि तिन्ही वेळा पिन आम्हीच टाकला.

बेत साधा होता. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी कल्याणहून निघायचं. चिंचपोकळीचा चिंतामणी, लालबागचा राजा, गणेश गल्ली, मग किंग्ज सर्कलचा जीएसबी मंडळाचा गणपती, आणि रात्री घरी. बरोबर ७८ वर्षांच्या आजी आणि दोन लहान मुलं. लालबागला नवसाच्या रांगेत दहा-दहा तास सहज जातात, मुखदर्शनाची रांगही काही तासांची असतेच. आजींना अर्धा तास उभं राहवत नाही, म्हणून पास शोधला. ‘शॉर्टकट हवा होता ना, मग भोगा’ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅप, मंडळाचा लोगो, ‘आजचे शेवटचे १५ पास’ हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते परत सांगत नाही.

मला जाळतंय ते वेगळंच. पास विकणाऱ्याने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत आठव्या दिवशी, संध्याकाळी ५ वाजता लिहिलं होतं: ‘जीएसबी किंग्ज सर्कल, व्हीआयपी दर्शन’. किंग्ज सर्कलचा गणपती पाच दिवसांचा! पाचव्या दिवशी त्याचं विसर्जन होतं, हे आमच्या घरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती ओळ मी वाचली, नवऱ्याने वाचली, दिरांनी वाचली, आणि तिघांनीही ‘हो, छान’ म्हणून पुढे सरकवली. तोवर फक्त ₹९,३५० गेले होते. तिथे थांबलो असतो तर बाकीचे ₹८,४९९ वाचले असते.

एवढंच नाही. पासावर छापलं होतं ‘चरणस्पर्श व मुखदर्शन, एकच प्रवेश’. नवसाची म्हणजे चरणस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. एका पासावर दोन्ही आलं कसं? दोन्ही रांगा फुकट असतात. दर्शन विकणारा माणूस मंडळाचा नव्हेच. गाडीचा फोटो आला तो पांढऱ्या पाटीचा. भाड्याच्या टुरिस्ट गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून गाडीचा प्रकार बघायला दोन मिनिटं लागतात, आम्ही ती दिली नाहीत. ‘गेटपाशी सोडू’ हेही खोटंच होतं; गणपतीत लालबागच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, ‘अकाउंटंटचं आहे.’ नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका, कारण पिन टाकल्यावर काहीच आपल्या हातात राहत नाही.

पहाटे ५ ला गाडी यायची होती. ६ वाजता फोन बंद.

आता यंत्रणेचं. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर, चौथ्या प्रयत्नाला लागला. तक्रार क्रमांक मिळाला तोवर सकाळचे ११:४० झाले होते. पैसे पहिल्या तास-दोन तासांत अडवायचे असतात असं सगळे पोस्टरवर छापतात, मग फोन उचलायला माणसं नकोत? बँकेत गेलो तर उत्तर, ‘पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही.’ मान्य. पण पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुठल्या तरी बँकेने केवायसी करूनच उघडलं ना? त्या बँकेला कोण विचारणार? पोलीस ठाण्यात दीड तास बसवून सांगितलं, ‘गुन्हा लालबागचा, तिकडे जा.’ तिकडे म्हणाले, ‘पैसे कल्याणहून पाठवलेत, तिकडेच जा.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे आम्ही ठाणे अंमलदारांना वाचून दाखवलं. आम्ही, नागरिकांनी, त्यांना! तेव्हा कुठे अर्ज घेतला. अर्जच, एफआयआर नाही. ‘रक्कम लहान आहे’ असं वर ऐकवलं. ज्या घरात हे पैसे वर्षभर डब्यात साठवलेले असतात, तिथे ती लहान नसते.

जाताना प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक कागदावर लिहून न्या. नुसते स्क्रीनशॉट नेले तर माघारी पाठवतात. चॅट तुमच्याकडे असेल तर लगेच एक्स्पोर्ट करा, समोरचा मेसेज पुसतो. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ असा फोन नंतर आलाच. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

आणि गाडीची गरजच नव्हती. कल्याणहून फास्ट लोकलने दादर, तिथून स्लोने करी रोड किंवा चिंचपोकळी. फास्ट या दोन्ही ठिकाणी थांबत नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांतला, कामाच्या दिवसाचा पहाटेचा वेळ धरा. शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन दिवस टाळा.

समोरच्या खात्यात ₹१,२१२ गोठवले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगण्यात आलं. बाकीच्या पैशांबद्दल तक्रारीच्या पोर्टलवर अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.