भंगारातला कॉम्प्युटर एसएमपीएस: नऊ महिने वापरल्यावर

मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी यवतमाळच्या भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या विजेपासून १२ आणि ५ व्होल्ट काढून देणारा डबा, १५० रुपयांत आणला. कपाशीवर फवारणी जोरात होती. गावातले बॅटरीचे पंप दुरुस्तीला माझ्याकडे यायचे, आणि मोटर गेली की बॅटरी, हे पाहायला दरवेळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणावी लागायची. आता मे लागला. मधल्या काळात हा डबा जवळपास रोज चालला.

चालू करायला काही लागत नाही. २४ पिनच्या जुडग्यातली हिरवी तार काळीला जोडली की पंखा फिरतो. मी तिथं साधं बटण बसवलं. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळ्या सगळ्या निगेटिव्ह. जांभळीवर ते बटण बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, तिला टेप मारा.

पहिल्याच दिवशी पंपाची मोटर लावली आणि पिवळीवर मीटर १०.८ दाखवायला लागलं. डबा खराब निघाला असंच वाटलं. पण असे बरेच जुने एसएमपीएस ५ आणि १२ व्होल्ट एकत्रच सांभाळतात. लालवर लोड नसला की पिवळी खाली बसते. लाल आणि काळीच्या मध्ये ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर टाकला, मीटर ११.७ वर आलं. तो एक अँपिअर खातो आणि हात लावता येणार नाही इतका तापतो, म्हणून पंख्याच्या हवेत पत्र्यावर कसून ठेवलाय.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पिवळ्या तारेत सिरीजमध्ये टाकलेला ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा बल्ब. पिवळीवर इतका करंट असतो की मोटर जाम असेल तर डबा ट्रिप व्हायच्या आधी बारीक तारेचं प्लास्टिक वितळतं. बल्ब असला की जाम मोटरीवर तो भक्कन पेटतो, मोकळ्या मोटरीवर नुसता लालसर राहतो. मीटर न लावता रोग कळतो.

पंपाची बॅटरी मात्र यावर चार्ज होत नाही. तिला १४ व्होल्टच्या वर लागतात, इथं १२ सुद्धा जेमतेम. किती जणांना हे समजावून परत पाठवलं! त्यासाठी चार्जरच घ्या.

दिवाळीनंतर घरात कापूस भरला तेव्हा पंख्याच्या जाळीवर रुई बसून डबा तापायला लागला. उघडून साफ करायचा मोह होतो, पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही ३०० व्होल्ट राहू शकतात. मी पिन काढून बाहेरूनच ब्रश आणि सायकलच्या पंपाची हवा मारतो.

एप्रिलमध्ये डब्याला हात लागला की झिणझिण्या यायला लागल्या. आतल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतोच, तो अर्थिंगनं जमिनीत जायला पाहिजे. घरामागं मीठ-कोळसा टाकून गाडलेला पाईप पाहिला, तर भोवतालच्या काळ्या मातीत बोटभर भेगा, पाईप कोरडा ठणठणीत. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं हात लावला, झिणझिण्या गेल्या होत्या. तेव्हापासून सकाळी गुरांना पाणी पाजलं की एक बादली तिथं जाते.