सायफरचा क्रम कोणाचा धरायचा, सर्व्हरचा की मोबाइलचा?

समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डरचं ॲप करताय, सर्व्हर ओपनएसएसएलवर (टीएलएस, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, चालवणारी लायब्ररी), आणि जोडणारे म्हणजे ऑफिसातले डेस्कटॉप, कामगारांचे स्वस्तातले ॲन्ड्रॉइड आणि गोडाऊनमधला एखादा जुना बारकोड स्कॅनर. लायब्ररीत सायफरची, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतींची, लिस्ट पसंतीच्या क्रमाने लिहिली, जोडणारा क्लायंटही स्वतःची लिस्ट घेऊन येतो, मग क्रम कोणाचा चालणार?

काहीच नाही केलं तर ओपनएसएसएल क्लायंटचा क्रम मानतं. हे वाटतं तितकं वाईट नाही हां. ज्या फोनच्या प्रोसेसरमध्ये एईएस या सायफरची वेगळी सोय नसते तिथं चाचा२० हे दुसरं सायफर जास्त फास्ट पळतं, म्हणून असे फोन बहुतेक तेच वर ठेवतात, आणि इंटेलच्या डेस्कटॉपला एईएस-जीसीएम (एईएस वापरायचाच एक प्रकार) हार्डवेअरमधूनच मिळतं म्हणून तो ते मागतो, दोघांचं भागतं. घोळ होतो तो जुन्या स्कॅनरचा. त्याने साधं आरएसए की-एक्स्चेंज (सर्व्हरच्या कायमच्या कीच्या भरवशावर गुपित पाठवायची जुनी पद्धत) वर ठेवलं आणि तुमच्या लिस्टमध्येही ते राहिलेलं असेल तर तेच लागणार, मग उद्या सर्व्हरची प्रायव्हेट की फुटली की आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं सगळं ट्रॅफिक उघडं.

सर्व्हर प्रेफरन्सचा ऑप्शन लावला की क्रम तुमचा, म्हणजे स्कॅनरला ईसीडीएचई (दर जोडणीला नवी तात्पुरती की ठरवायची पद्धत) येत असेल तर तो गपगुमान तिकडे जातो. पण एईएस वर लिहिलं असेल तर स्वस्त फोनही एईएसच ओढत बसणार. त्यासाठी ओपनएसएसएल १.१.१ पासून चाचाला वर घ्यायचा ऑप्शन आहे, क्लायंटने चाचा एक नंबरला ठेवलं असेल तरच चालतो आणि सर्व्हर प्रेफरन्ससोबतच लावायचा, एकटा लावून उपयोग शून्य.

अजून एक, ओपनएसएसएलचं 'सेट सायफर लिस्ट' हे फंक्शन टीएलएस १.२ पर्यंतच लागू. १.३ साठी 'सेट सायफरस्वीट्स' हे वेगळं फंक्शन आहे. लिस्टमध्ये नुसतं एईएस-२५६ ठेवून "झालं की बे" म्हणत बसलात तर १.३ वाला क्लायंट आरामात १२८ वर जोडला जाईल.

जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररीत हे सगळं एकाच प्रायॉरिटी स्ट्रिंगमध्ये बसतं, वाचायला सोपं, क्रम तिथंही आधी क्लायंटचाच. गो ही भाषा वापरत असाल तर तिच्या १.१७ पासून विषयच संपला, हार्डवेअर बघून क्रम लायब्ररीच लावते, तुमचं ऐकत नाही.

माझं मत विचाराल तर लिस्टमध्ये फक्त ईसीडीएचईवाले जीसीएम आणि चाचा ठेवता येत असतील तर क्लायंटचा क्रम राहू द्या. स्कॅनर बदलून मिळत नाही तोवर मात्र सर्व्हरचा क्रम, सोबत चाचाचा ऑप्शन, आणि १.३ ची लिस्ट आहे तशी सोडा.