मेनी-टू-मेनी: मधलं टेबल ओआरएमवर सोडायचं की स्वतः लिहायचं?

एक विद्यार्थी अनेक कोर्स घेतो, एका कोर्सला अनेक विद्यार्थी असतात. डेटाबेसच्या बाजूने यात गूढ काहीच नाही: मध्ये एक टेबल, त्यात दोन फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम). ते टेबल ओआरएमला (कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जोडणाऱ्या लायब्ररीला) परस्पर सांभाळू द्यायचं की त्याचं मॉडेल आपण लिहायचं, एवढंच ठरवायचं असतं.

ओआरएमवर सोडलं तर काम थोडक्या ओळींत उरकतं. पायथनच्या जँगोत मेनी-टू-मेनी फील्ड, पायथनच्याच एसक्यूएलअल्केमीत रिलेशनशिपला सेकंडरी टेबल, रूबीच्या रेल्समध्ये हॅज-अँड-बिलाँग्ज-टू-मेनी (शेवटच्या दोन्हींत टेबल आपण जाहीर करावं लागतं, मॉडेल मात्र नाही). लेख आणि टॅग अशा जोडीला मी आजही हेच वापरतो. टॅग आहे किंवा नाही. तिसरं काही कोणी विचारत नाही.

विद्यार्थी-कोर्सचं तसं नाही. पहिला आठवडा दोन आयडींवर निभावतो. मग विचारणा सुरू होते: प्रवेश कधी घेतला? गुण कुठे ठेवायचे? कोर्स मध्येच सोडला तर? यातलं काही विद्यार्थ्याचंही नाही आणि कोर्सचंही नाही, ते त्या जोडीचं आहे. म्हणून इथे 'नावनोंदणी' हे वेगळं मॉडेल हवं. कोर्स सोडला की ओळ डिलीट करायची नाही, तिची स्थिती बदलायची.

बदल्यात थोडी हमाली वाढते. जोडीवरचा युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा नोंदवू न देणारा नियम) स्वतः लावावा लागतो. जँगोच्या आपोआप बनलेल्या टेबलात तो असतोच, त्यामुळे हाताने लिहिताना नेमका राहतो. (माझा राहिला होता. एकाच विद्यार्थ्याची दोनदा नोंद, आणि हजेरी शंभर टक्क्यांच्या वर!) थ्रू मॉडेल (मधल्या टेबलाचं हाताने लिहिलेलं मॉडेल, जँगोच्या भाषेत) असलं की जोडी घालणारी ॲड मेथड चालत नाही, ही तक्रार मात्र जुनी झाली, जँगो 2.2 पासून जादा कॉलमची मूल्यं थ्रू-डीफॉल्ट्समधून देता येतात.

हायबरनेटवाल्यांनी (हे जावाचं ओआरएम) एक बघावं: क्रमाचा कॉलम नसलेल्या लिस्टवर मेनी-टू-मेनी मॅप केलं, तर एक कोर्स काढताना त्या विद्यार्थ्याच्या सगळ्या जोड्या डिलीट होतात आणि उरलेल्या पुन्हा इन्सर्ट होतात. तिथे सेट वापरा.

एन-प्लस-वनचा (यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी जाण्याचा) त्रास दोन्हीकडे सारखाच.

'आत्ता सोपं करू, नंतर बदलू' हे जँगोत महागात पडतं. असलेल्या फील्डला मागाहून थ्रू जोडलं की मायग्रेशन (मॉडेलमधला बदल डेटाबेसवर लागू करणारा कोड) एरर देऊन थांबतं. जुना डेटा जपायचा तर स्टेट (मॉडेलांची जँगोकडची नोंद) आणि डेटाबेस वेगवेगळे हाताळणारं मायग्रेशन हाताने लिहावं लागतं. म्हणून जराशी शंका आली तरी मी मॉडेलच लिहितो, सुरुवातीला त्यात दोन की आणि एक तारीख एवढंच असलं तरी.