ब्रेकचे पॅड बदलले, पेडल मऊ झालं आणि ७,७८० रुपये गेले

हे लिहायला लाज वाटते, पण आणखी कुणी फसू नये म्हणून लिहितोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. बावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणाला अमुक पार्ट गेला, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "जुना आण, दाखव." आणि तोच मी शहरातल्या एका गॅरेजमध्ये ६,०३० रुपये मोजून गप घरी आलो. जुना पार्ट मागितलाच नाही.

शनिवारी वॅगनआरचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. पॅड १,४५०, मजुरी ३००. किल्ली देताना मेकॅनिकने स्वतः सीटवर बसून पेडल चार-पाच वेळा मारलं आणि म्हणाला, "जावा की बिनधास्त." पॅड बदलल्यावर तसं मारावंच लागतं. आत दाबलेला पिस्टन त्याशिवाय पॅडपर्यंत परत येत नाही. त्यामुळे मला शंका आली नाही.

रविवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. परतताना घाट उतरायला लागलो आणि पेडल पायाखाली स्पंजसारखं दबलं. लगेच दुसऱ्यांदा मारलं, वर आलं. तिसऱ्यांदा कडक. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकवर हात ठेवून खाली आलो. मागे आई प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन बसली होती, तिला काही बोललो नाही.

सोमवारी गॅरेजमध्ये सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं, आत नुसतं बघितलं आणि म्हणाला, "मास्टर सिलिंडर गेलाय ओ सर." म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग.

इथेच माझं चुकलं. रोज रात्री हाच क्षण आठवतो. पेडल मारत गेलं की कडक होतंय, हे मी त्याला माझ्या तोंडाने सांगितलं होतं. मास्टर सिलिंडरचं सील गेलं असेल तर पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत जातं. माझं बसत नव्हतं. दोन-तीनदा मारल्यावर वर येणारं, पण स्पंजसारखं पेडल म्हणजे बहुतेक वेळा ब्रेकच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. एवढं मला कळत नव्हतं असं नाही. पण आईला घेऊन तो घाट उतरून आलेला माणूस वाद घालत नाही, "करा लवकर" म्हणतो. त्याने तेच हेरलं. सिलिंडर ४,८५०, ब्रेक ऑइल २८०, मजुरी ९००.

गुरुवारी पेडल पुन्हा मऊ. आता म्हणे बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, गेला, ९,५०० लागतील. तेव्हा डोळे उघडले.

कारखान्यातल्या ड्रायव्हरने एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेलं. त्यांनी इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरलं, तीसपर्यंत मोजलं. तसूभर हललं नाही. मग मला बॉनेटखाली बोलावून बॅटरी मारली. सिलिंडर पेट्रोलने घासून चकाचक केलेला, पण त्याला येणाऱ्या पाइपच्या नटांच्या कडेला वर्षांची मळी जशीच्या तशी. "याला पाना लागलाय का, तुम्हीच सांगा." नवा सिलिंडर बसवलेलाच नव्हता. पुढच्या उजव्या चाकाच्या निपलवरची, म्हणजे लाइनमधली हवा काढायच्या बारीक तोंडावरची, रबरी टोपी गायब, खाली तेलाचा ओघळ. त्यांनी निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. मी पेडल दाबून धरायचं, ते निपल सोडायचे आणि बंद करायचे, मगच मी पाय काढायचा. बुडबुडे निघतच होते. वीस मिनिटांत पेडल दगडासारखं. ऑइलसकट ४५० रुपये.

नुसते पॅड बदलताना तेलाची लाइन उघडावीच लागत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. काही जण पिस्टन मागे ढकलताना निपल सोडतात, त्यात चूक नाही, पण मग एअर काढूनच गाडी द्यायची असते. माझ्या गाडीत हवा चुकून राहिली असं मी मानत नाही.

पोलीस चौकीत दीड तास बसवून ठेवलं. "गाडी चालते ना? मग गुन्हा कशाचा?" मी म्हणालो, घाटात ब्रेक लागला नसता तर? तर म्हणे, लागला ना. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात तीन टेबलं फिरलो. पहिला म्हणाला दुसऱ्याकडे जा, दुसरा जेवायला गेलेला, तिसऱ्याने माझा कागद न वाचताच परत केला, "गॅरेजचं आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतं? परवा कुणाची गाडी त्या घाटातून खाली गेली की पंचनाम्याला मात्र सगळे येतील.

पक्कं बिल घ्या. माझ्याकडे वहीचा फाडलेला कागद आहे, ना नंबर ना सही. ६,०३० यूपीआयने दिले, तेवढाच पुरावा. पॅडचे १,७५० रोख दिले, ते बुडालेच समजतो. पार्ट बदलताना समोर उभे राहा, जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणा. पेडल मऊ लागलं तर गाडी जागेवरून हलवू नका.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षं. उस्तादांनी काय सापडलं ते लिहून सही करून दिलंय. मळी धरलेल्या नटांचे फोटो काढून ठेवलेत. अर्ज सोमवारी देणार आहे.