हायकूची मार्गदर्शिका: नवशिक्यांसाठी कसे लिहावे आणि काय राहून जाते

हायकू या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिमसोबत मिळणारी मार्गदर्शिका ही, ज्यांना संगणकाविषयी नवशिक्यांसाठी काही लिहायचे आहे अशा प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावी, अशी आहे. परळच्या आमच्या वर्गात ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत छोटी मदतपुस्तिका लिहायची असल्यामुळे मी तिची इंग्रजी आवृत्ती सलग वाचली आणि वाचता वाचता त्यातील प्रत्येक कृती संगणकावर करून पाहिली.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या बी या कंपनीने नव्वदच्या दशकात ‘बीओएस’ ही प्रणाली तयार केली. ध्वनी आणि चलचित्र हाताळताना संगणक अडखळू नये, हा तिच्या रचनेमागचा मुख्य हेतू होता. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीकडे गेली. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी तीच कल्पना नव्याने उभारण्यास सुरुवात केली आणि २००४ मध्ये त्या प्रकल्पाला हायकू हे नाव मिळाले. पाचवी बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली.

मार्गदर्शिकेचा पहिला मोठा गुण असा की ती प्रणालीतच असते. डेस्कटॉपवरील चिन्हावर क्लिक केले की ती उघडते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. वाय-फाय अजून जुळलेले नाही अशाच वेळी नवशिक्याला मदतीची सर्वाधिक गरज असते, हे लिहिणाऱ्यांनी ओळखले आहे. पडद्यावर जे शब्द दिसतात तेच मजकुरात येतात आणि सोबत त्या विंडोचे चित्र असते. साधी माहिती, सावधगिरी आणि धोका यांसाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याचीही नजर योग्य ठिकाणी थांबते. कॉपी करण्यासाठी येथे कंट्रोल नव्हे, तर मुळात आल्ट ही कळ वापरावी लागते. विंडोजवरून येणाऱ्याचा हात नेमका येथेच अडतो, आणि ही कळ कीमॅप या कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते.

तरीही या मार्गदर्शिकेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘वर्कशॉप’ या शीर्षकाखालील पाठ. हायकूमध्ये प्रत्येक फाइलला स्वतःचे गुणधर्म जोडता येतात आणि त्या गुणधर्मांवरून फाइली शोधता येतात. पण ही गोष्ट नुसत्या व्याख्येने कुणालाही कळणार नाही. म्हणून पाठात डीव्हीडींची नोंदवही तयार करायला घेतली आहे: आधी नवा फाइलप्रकार, मग त्याचे गुणधर्म, मग अनुक्रमणिका (कोणत्या फाइलला कोणता गुणधर्म आहे याची, शोधासाठी प्रणाली ठेवते ती सूची) आणि शेवटी शोध. आम्ही त्याच क्रमाने गिरगावच्या गणेशोत्सवात टिपलेल्या ढोल-ताशांच्या ध्वनिफितींना पथक, ठिकाण आणि वर्ष हे गुणधर्म जोडले, आणि एका शोधात हव्या त्या वर्षाच्या सगळ्या फिती ट्रॅकर या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या विंडोत समोर आल्या. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण अनुक्रमणिका तयार होण्यापूर्वी ज्या फाइलींना गुणधर्म दिले गेले, त्या शोधात आपोआप येत नाहीत. एखादी पायरी आधी का करायची, याचे कारण त्या पायरीपाशीच कळले पाहिजे, हे मी या पाठातून शिकलो.

माझी तक्रार मांडणीविषयी आहे, आणि ती गंभीर आहे. वर्कशॉप सोडले तर मार्गदर्शिकेची रचना प्रणालीच्या घटकांनुसार आहे: डेस्कबार (मेन्यू आणि चालू प्रोग्रॅम दाखवणारी पट्टी), ट्रॅकर, मग एकेक प्रोग्रॅम, मग एकेक सेटिंग. नवशिक्याच्या मनात मात्र घटकाचे नाव नसते, अडचण असते. आवाज येत नसेल तर मीडियाच्या सेटिंगमध्ये योग्य साउंड कार्ड निवडून मीडिया सेवा पुन्हा सुरू करणारे बटण दाबून पाहावे लागते. पण ‘मीडिया’ या नावाखाली पाहायचे हे ज्याला माहीत आहे, त्याला मदतीची तितकीशी गरजच उरत नाही. ध्वनिमुद्रित केलेल्या फितीचा नेमका तुकडा कापून दुसऱ्या स्वरूपात साठवायचा असेल तर मीडियाकन्व्हर्टर या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ देऊन ते साधते, आणि आमच्या मुलांचा पहिला प्रश्न हाच होता. त्यांना उत्तर कुठे शोधायचे ते सुचले नाही. म्हणून आमच्या पुस्तिकेत प्रत्येक पानाचे शीर्षक मुलांनी विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांतच दिले आहे, आणि प्रोग्रॅमचे नाव उत्तरात येते.

प्रणाली विनामूल्य आहे आणि जुन्या यंत्रावरही चपळ चालते, तेव्हा तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याचे कारण नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून वापरलेला लॅपटॉप घेणार असाल, तर हायकूचा पेनड्राइव्ह सोबत न्या. इन्स्टॉल न करताही ती पेनड्राइव्हवरून पूर्ण सुरू होते, त्यामुळे पैसे देण्यापूर्वी दुकानातच वाय-फाय जुळते का आणि स्पीकरमधून आवाज येतो का, हे दुकानदारासमोर पाहून घेता येईल. इन्स्टॉल करताना मात्र बी फाइल सिस्टिमसाठी (हायकूची डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) कोणते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, निवडले आहे ते दोनदा वाचा, कारण इनिशिअलाइझ (म्हणजे फॉरमॅट) केले की त्या पार्टिशनवरील सर्व फाइली जातात.