होजिअरी शिवता? मग श्मेट्झची जर्सी सुई घ्याच

नातवंडांचे टी-शर्ट आणि रात्री घालायच्या पॅन्ट मी घरच्या साध्या मशीनवरच शिवते. होजिअरीवर, म्हणजे टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडावर, टाके सुटायला लागले की आमच्याकडे सगळ्या आधी मशीनवाल्याला बोलावतात. माझं म्हणणं, आधी सुई बदला. श्मेट्झ या जर्मन कंपनीची ७५/११ नंबरची जर्सी सुई मला फार आवडली आहे. टोक किंचित गोल असल्यामुळे ती विणीचा धागा न तोडता फासांमधून सरकते, शिवणीवर बारीक भोकं पडत नाहीत. ७५ म्हणजे जाडी ०.७५ मिलिमीटर, ११ हा त्याच जाडीचा अमेरिकन नंबर. दांड्यावरचा नारिंगी पट्टा जर्सीची खूण, त्याखालचा गुलाबी पट्टा ७५ नंबरची. डब्यात दहा प्रकारच्या सुया मिसळल्या तरी हिला शोधावं लागत नाही, आणि ही सोय खरंच मोठी आहे.

साध्या सुईपेक्षा महाग पडते. पॉपलिनला मात्र लावू नका. गोल टोकामुळे टाके थोडे वाकडे दिसतात. कापडात लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) जास्त असेल तर त्यांचीच पिवळ्या पट्ट्याची स्ट्रेच सुई जास्त चांगली.