ऑक्सबो क्रिटिकल केअर: पोट बिघडलेल्या सशाला भरवायची पावडर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ससा पाळत असाल तर ही पावडर तो ठणठणीत असतानाच घरात आणून ठेवा. ऑनलाइन मागवली तर हातात यायला दिवस जातात, आणि आतडी थांबलेला ससा तेवढा वेळ देत नाही. सशाने 10-12 तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या किंवा मोहरीएवढ्या बारीक झाल्या, तो पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसला आणि दात करकरवू लागला, तर ती त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायची वेळ असते. पावडर कामाला येते ती त्यानंतर, तपासणी होऊन औषधं सुरू झाल्यावर. त्या टप्प्यावर मात्र हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑक्सबो ही अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली कंपनी. पावडरीचा मुख्य घटक टिमोथी गवत, दळलेलं. सगळी मदार त्या गवतातल्या तंतूंवर आहे. सशाची आतडी जाड, न पचणाऱ्या तंतूंच्या रेट्यावर पुढे सरकतात. तंतू कमी पडले, पाणी कमी पडलं, दाढ टोचत असली, उकाड्याने किंवा भीतीने ससा खायचा थांबला, की आतडी मंदावतात. मग सीकम नावाच्या मोठ्या पिशवीतल्या जंतूंचा तोल जातो, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरच्या वाटेने बाहेर पडायची सोय नाही. उपाशी राहिलेल्या सशाच्या, त्यातही लठ्ठ सशाच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि मग आजार हाताबाहेर जातो. हे चक्र तोडायला पोटात तंतू, पाणी आणि ताकद एकदम जायला हवी. पावडर नेमकं तेच करते. हिच्यात क जीवनसत्त्वही घातलेलं असतं, ते गिनीपिगसाठी. सशाचं शरीर ते स्वतः बनवतं.

भरवू नये कधी, हे आधी. पोट ढोलासारखं फुगून टणक लागत असेल, ससा अचानक कोलमडला असेल, तर केसांच्या गोळ्याने किंवा आणखी कशाने तरी आतडं बंद झालेलं असू शकतं. अशा वेळी एक सिरिंजही देऊ नका. आधी एक्स-रे. रक्तातली साखर खूप चढलेली असली तर तीही अडथळ्याकडे बोट दाखवते, म्हणून ससे पाहणारे डॉक्टर ती तपासतात. आतड्यांची हालचाल वाढवणारी औषधंही अडथळा असताना घातक ठरतात. गेल्या वेळची उरलेली बाटली काढून मनाने देऊ नये. दुसरी गोष्ट अंगाच्या उबेची. सशाचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. कान गार पडले असतील, तापमान 38 च्या खाली गेलं असेल, तर आधी ऊब द्यायची: कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची, त्याला नको झालं तर बाजूला सरकता येईल अशी. गार पडलेल्या सशाच्या पोटात ढकललेलं अन्न तसंच पडून राहतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, दुखणं थांबवायचं औषध देतात. ही दोन्ही झाली नसतील तर नुसत्या पावडरीने चमत्कार होत नाही, आणि पावडर निकामी आहे असा ग्रह मात्र होतो.

आता कालवणं. मापाने एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गार ना गरम लागेल इतपत. उकळतं पाणी ओतू नये. कालवून चार-पाच मिनिटं थांबायचं, कारण तंतू पाणी पितात आणि सरसरीत दिसणारं मिश्रण बघता बघता दाटतं. मग पुन्हा चमचा-दोन चमचे पाणी घालून सिरिंजमधून सहज ढकललं जाईल असं करायचं. घाईत लगेच सिरिंज भरली तर भरवता भरवता ती तुंबते, जोर लावावा लागतो, आणि मग एकदम मोठा लपका सशाच्या घशात जातो. साध्या पावडरीचा दळ जाडसर आहे, त्यामुळे औषधाच्या बारीक तोंडाच्या सिरिंजमध्ये ती अडकणारच. हा दोष म्हणा, पण त्या जाड तंतूंचाच तर उपयोग आहे. फाइन ग्राइंड नावाचा बारीक दळाचा प्रकार बारीक नळीतून जातो. तो डॉक्टरांनी नाकातून नळी घातली असेल तेव्हासाठी.

सिरिंजचं म्हणाल तर दोन सोपे मार्ग आहेत. 1 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजचं निमुळतं टोक ब्लेडने कापायचं आणि कापलेली कड नखं घासायच्या कानसीने गुळगुळीत करायची, म्हणजे पुढून पूर्ण उघडी नळी तयार होते. अशा पाच-सहा आधीच भरून ठेवल्या की काम भराभर होतं. किंवा रुग्णांना नळीने अन्न देण्यासाठी मेडिकलमध्ये मिळते ती रुंद तोंडाची 50 मिलीची सिरिंज आणायची. पण तिचा दट्ट्या जड असतो आणि माप हाताबाहेर जातं, म्हणून नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिचा उपयोग लहान सिरिंज मागून भरायला करावा.

ससा टॉवेलात गुंडाळा, चारही पाय आत, डोकं बाहेर. तो जमिनीवर किंवा टेबलावर नैसर्गिक बसतो तसाच बसलेला असावा. उताणा करून, मान मागे टाकून कधीही भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि पोटातून वाचलेला ससा छातीने जातो. पुढच्या दातांच्या मागे, दाढांच्या आधी दोन्ही बाजूंना रिकामी जागा असते. सिरिंजचं तोंड तिथे आडवं सरकवायचं, सरळ घशाच्या दिशेने नाही. एका घासाला अर्धा ते एक मिली. तो चावतोय, गिळतोय हे दिसलं की पुढचा घास. चावत नसेल तर थांबा. नाकातून पाणी आलं, खोकल्यासारखा आवाज झाला, तर तिथेच बंद करून डोकं किंचित खाली करा आणि डॉक्टरांना कळवा. झाल्यावर हनुवटी ओल्या कापडाने पुसून कोरडी करा, नाहीतर चिकटलेल्या पावडरीखाली कातडी लाल होते.

प्रमाण किती? कालवलेलं मिश्रण दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 मिली, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे 2 किलोच्या सशाला दिवसभरात सुमारे 100 मिली, चार-पाच वेळांत विभागून, एका वेळी 20-25. पाकिटामागे कोष्टक छापलेलं असतं आणि डॉक्टर सशाची अवस्था पाहून आकडा बदलतात. त्यांचा आकडा अंतिम. पहिल्या एक-दोन वेळा निम्मंच द्या. थांबलेल्या पोटात एकदम पूर्ण माप कोंबलं तर जठर ताणलं जातं. रात्रीची एक वेळ चुकवू नका. सकाळी दहा ते संध्याकाळी सातमध्ये सगळं उरकायचं हा घरोघरचा सोयीचा शिरस्ता सशाच्या पोटाला मानवत नाही.

किती मिली गेलं यावर समाधान मानू नका, लेंड्या मोजा. सुरुवातीच्या लेंड्या बारीक, काळपट, वेड्यावाकड्या आणि कधी चिकट पापुद्र्यातल्या असतात. केसांनी माळेसारख्या गुंफलेल्याही दिसतील. हळूहळू त्या मोठ्या, गोल, फिकट तपकिरी आणि आत गवताचा चुरा दिसणाऱ्या व्हायला हव्यात. द्राक्षाच्या घडासारखा चकचकीत मऊ गुच्छ पडलेला दिसला तर तो जुलाब नव्हे. ते त्याचं स्वतःचं दुसऱ्यांदा खायचं अन्न आहे. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी घट झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

पावडर बंद कधी करायची, इथे लोक गोंधळतात. ससा आपणहून गवत चावू लागला आणि लेंड्या सुधारल्या की दिवसातली एक वेळ कमी करा, वजन टिकलं तर आणखी एक. गवत समोर सतत हवं. नेहमीच्या खाण्यातही 80 टक्क्यांहून जास्त वाटा गवताचाच असावा. इथे मिळणारं लसूणघास प्रौढ सशासाठी नको, त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. सहा महिन्यांखालच्या पिलाला चालतं. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खायला नाही. टिमोथीकडे तोंड फिरवणारा आजारी ससा ताज्या दूर्वांवर मात्र अनेकदा तुटून पडतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जुड्या मिळतात. देवापुढच्या हारातल्या वापरलेल्या नकोत, ताज्या आणून नीट धुऊन द्या. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला ओला ठिबकताच द्या, तेवढंच पाणीही पोटात जातं. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा, ससा वाडग्यातून जास्त पितो. कोबी, फ्लॉवर, गाजर, केळं या दिवसांत बंद.

पावडरीच्या जागी घरोघरी जे दिलं जातं त्यातलं बरंचसं नुकसानच करतं. नाचणी सत्त्व, बाळाचं डब्यातलं अन्न, भिजवलेले हरभरे, दुधात कुस्करलेली पोळी, बिस्किटं: सगळं पिष्ट, तंतू नाहीत, आणि सीकममधल्या वाईट जंतूंना मेजवानी. दही देऊन सशाचं पोट सुधारत नाही. पपई-अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत, वर साखर जाते. सगळ्यात धोक्याचं म्हणजे घरातलं अमोक्सिसिलिनचं सिरप. पेनिसिलिनच्या कुळातली आणि क्लिंडामायसिनसारखी अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू फोफावतात आणि ससा दगावतो. कुत्र्या-मांजरांनाच रोज पाहणाऱ्या दवाखान्यात गेलात तर दिलेलं औषध यातलं नाही ना, हे नम्रपणे पण ठामपणे विचारा. पाकीट हाताशी नसेल आणि डॉक्टरांनी भरवायला सांगितलं असेल, तर टिमोथीच्या साध्या पेलेट, म्हणजे दळलेल्या गवताच्या दाबून केलेल्या गोळ्या, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळणीतून काढून एक-दोन वेळ निभावता येतं.

चवींमध्ये अ‍ॅनिस आणि सफरचंद-केळं असे दोन प्रकार सहज दिसतात. अ‍ॅनिसचा वास आपल्या बडीशेपेच्या जवळचा. आमची पसंती त्याला. गोड चव काही ससे लवकर घेतात हे खरं. ससा जरा सावरला की मिश्रण घट्ट कालवून बशीत ठेवून पाहा, किंवा ओल्या पानांवर भुरभुरा. तो स्वतः चाटत असेल तर सिरिंजचा ताण दोघांचाही वाचतो.

साठवण हा इथला खरा प्रश्न. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडं पाकीट ओट्यावर ठेवलं तर पावडर ओल धरते आणि बुरशीचा धोका असतो. उघडल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्याने हवं तेवढं काढून झाकण लगेच लावा. गार डबा बाहेर उघडा राहिला तर आत दव धरतं. कालवलेलं फ्रिजमध्ये फार तर 24 तास, आणि बाहेर तासभर राहिलेलं सरळ टाका. वास आंबूस किंवा कुबट आला तर पैशाकडे बघू नका.

पाकिटं 36, 141 आणि 454 ग्रॅमची असतात. पूर्ण भरवणीवर 2 किलोच्या सशाला 141 ग्रॅम तीन ते पाच दिवस पुरतं, म्हणून एकाच सशाच्या घरी तेवढंच पुरे. मोठं पाकीट चार-पाच ससे असणाऱ्यांसाठी. माल आयात केलेला असल्याने महाग पडतो आणि कधी कधी मुदत संपत आलेला मिळतो. घेताना मुदतीची तारीख आणि मागचं सील तपासा. नावाकडेही नीट पाहा: याच कंपनीचं कार्निव्होर केअर तशाच पाकिटात येतं आणि ते मांजरांसारख्या मांसाहारी प्राण्यांसाठी आहे. सशासाठी हर्बिव्होर, म्हणजे शाकाहारी, असं लिहिलेलंच पाकीट घ्या.